घोषणा मुंबईची, मते वऱ्हाडाची!



आम्ही सभेच्या सतरंज्या घालणारे लोक. व्यासपीठावर आम्हांला कोणी बोलावीत नाही. म्हणून वक्त्याला न दिसणारी श्रोत्यांची तोंडे आम्हांला नीट दिसतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या सभांत आम्ही जे पाहिले, ते निवडणूक जिंकायला निघालेल्या प्रत्येक पक्षाच्या तोंडावर आज सांगणार आहोत. राग आला तर येऊ द्या!

आधी आपल्याच घरचा दाखला. 6 फेब्रुवारी 1956 रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि 1957 च्या निवडणुकीत तिने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसच्या तोंडचे पाणी पळविले. पण तेच वादळ अजिंठ्याचा डोंगर ओलांडून वऱ्हाडात आले नाही. येथे काँग्रेसच तरली. का? वऱ्हाडी माणूस मराठी नव्हता काय? वा रे वा! ज्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाने जिजाऊ दिली, त्याला मराठीपण कोणी शिकवायचे?

कारण उघड आहे. 'मुंबई आमची' ही घोषणा साताऱ्याच्या माणसाला भिडली. त्याचा भाऊ गिरणीत होता आणि मुंबईहून घरी मनिऑर्डर येत होती. खामगावच्या कापूसवाल्याची मुंबई म्हणजे गाठी जाण्याचे ठिकाण. 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूर. ती हातची गेली, आता आपल्याला विचारणार कोण, ही त्याची धास्ती. याच धास्तीला उत्तर म्हणून 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार झाला होता. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास, खर्चात आणि नोकऱ्यांत लोकसंख्येप्रमाणे वाटा, असे त्यात लिहिले होते. कागद चांगला होता. पण सभांत गर्जना मुंबईची आणि वऱ्हाडाच्या वाट्याचा उच्चार जाता जाता! "मुंबई भेटन हो भाऊ, पन आमच्या कापसाचं काय?" या प्रश्नाला भाषणात जागाच नव्हती.

पुढे 1 मे 1960 ला राज्य मिळाले. घोषणा फळली आणि समितीजवळ बोलायला दुसरे वाक्य उरले नाही. घटक पक्ष पांगले. 1962 साली काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. ज्यांनी राज्य आणले ते विरोधी बाकावर बसले!

आता आजचे पाहा. पक्षांच्या कचेऱ्यांत 'विदर्भासाठी' म्हणून एकच भाषण तयार होते आणि नागपुरापासून बुलढाण्यापर्यंत तेच वाजविले जाते. अहो, बुलढाण्याहून नागपूर किती लांब आणि छत्रपती संभाजीनगर किती जवळ, हे तरी नकाशात बघा! शिवाय जिल्हा एक असला तरी त्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन संसार आहेत. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण पिण्याजोगे नाही. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नांदुऱ्याकडे वर्षानुवर्षे रखडला. खर्चाचा आकडा काही शे कोटींवरून हजारो कोटींवर चढला. आणि खामगाव-जालना रेल्वे! आजोबांनी मागितली, नातू मागतो आहे. हे सोडून तुम्ही आम्हांला विकासाचे स्वप्न कायले दाखविता?

आणि ती 'अनुशेषा'ची भाषा! 1984 साली दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. 1994 साली विकास मंडळे आली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत सरली. किती सभांत हा हिशेब कोणी समजावून सांगितला? अनुशेष हा शब्द बरोबर असेल, पण पारावर तो कोणी बोलत नाही. 'आमच्या हक्काचं पाणी अडलं' असे म्हणा, म्हातारी मायसुद्धा मान वर करील.

दरसाल 12 जानेवारीला सिंदखेडराजास पुढारी येतात. माथा टेकतात, जिजाऊंचा जयजयकार करतात आणि धुरळा उडवीत जातात. जयजयकार आम्हीही करतो, मोठ्याने करतो. पण त्यानंतर घसा साफ करून त्याच मातीतल्या सोयाबीनच्या भावाबद्दल एक वाक्य बोलायला काय हरकत आहे? 2024 च्या विधानसभेला बुलढाणा मतदारसंघाचा निकाल अवघ्या 841 मतांनी लागला. एवढी मते एका गावच्या आठवडी बाजारात उभी असतात!

म्हणून पक्षवाल्यांनो, पंचवीस कलमांचा जाहीरनामा घरी ठेवा. घाटाखाली पाण्याची एकच गोष्ट बोला, घाटावर रेल्वेची आणि भावाची बोला. वऱ्हाडीत बोला, पण नक्कल करू नका. उसनी वऱ्हाडी आम्हांला लगेच कळते. तारीख सांगा, पैसा कोठून आणणार ते सांगा, आणि मागल्या खेपेचे वचन मोडले असेल तर तेही आधी तुम्हीच कबूल करा. तसे बोलणारा आम्ही अजून फारसा पाहिला नाही. पुढल्या सभेची सतरंजी झटकून ठेवली आहे. आम्ही पहिल्या रांगेच्या बाजूलाच उभे असू.