पाच आणि पाच

दरवर्षी 14 ऑगस्टला आमचे विद्यार्थी पालघरच्या हुतात्मा चौकात अभिवादनाला उभे राहतात. 1942 साली याच दिवशी कचेरीवर तिरंगा फडकवण्यासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे दूरवरून येथे आलेल्या कुटुंबांतील मुलेही आमच्या वर्गात ही नावे न अडखळता सांगतात. याचा आम्हांस अभिमान आहे.

मात्र एका अभ्यासतासाला मागच्या बाकावरील एका वारली विद्यार्थ्याने विचारले, ‘‘आणि तलवाड्याच्या पाचांची नावे?’’ आम्ही निरुत्तर झालो.

तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात, ऑक्टोबर 1945 मध्ये, तलवाडा येथे पोलिसांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. वेठबिगार नको आणि 500 पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत, एवढेच वारल्यांचे मागणे होते. गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरवण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी लोक धावून आले आणि शासनाच्या लेखी त्यांचा ‘जमाव’ झाला. पुढे 1946 साली, प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ असताना, परुळेकरांनाच जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. राज्यकर्ते बदलले, तरी अशांततेचे कारण उपाशी माणसात न शोधता त्याला जागे करणाऱ्यात शोधण्याची रीत बदलली नाही.

हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 सालच्या पुस्तकात गोदावरीबाईंनी मांडला. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. आम्ही ते वर्षानुवर्षे शिकवले; पण कसे? अनुभवकथनाचे विशेष, निवेदनशैली, दहा गुणांचा प्रश्न. पुस्तकातील गावे आमच्याच मुलांची गावे आहेत, हे सांगावयाचे राहून गेले.

दोन्ही प्रसंगी गोळी एकाच सत्तेची होती. स्मरणातील हा भेद मात्र त्या सत्तेच्या माथी मारता येणार नाही. तो स्वातंत्र्यानंतर आपण केला आहे. तिरंग्यासाठी पडलेला तो हुतात्मा आणि मजुरीसाठी पडलेला तो आकडा, अशी वर्गवारी आपल्या मनाने सहज स्वीकारली. तलवाड्याचे स्मरण मुख्यतः आदिवासींनी आणि त्यांच्या लाल बावट्यानेच जपले.

‘जमाव’ या शब्दातून माणूस पुन्हा वेगळा काढणे हेच साहित्याच्या अध्यापकाचे काम, असे आम्ही मानतो. चौकातील पाच नावांचा मान त्यामुळे उणा होत नाही. म्हणून येत्या ऑक्टोबरात हे पुस्तक वर्गात मोठ्याने वाचावे, असे आम्ही ठरवले आहे. वाचनाचा आरंभ त्या मागच्या बाकावरून होईल.