संरक्षणमंत्रीच अध्यक्ष, मग वाद घालायचा कोणी?

२०२५-२६ साठी संरक्षणाचं बजेट आहे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये. केंद्र सरकार खर्च करतं त्या दर शंभरातले तेरा रुपये तर नक्कीच. एवढा पैसा कशावर जावा, किती सैनिक हवेत, किती विमानं हवीत, यावर आपल्याकडे वाद कुठे होतो?

लोकसभेत? २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी अख्खं बजेट तिथे चर्चेविना मंजूर झालं, संरक्षणासकट. टीव्हीवर? तिथे आरडाओरडा होतो. राहिले सरकारबाहेरचे अभ्यासक. त्यांची काय अवस्था आहे, ते बघू.

१९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, दिल्लीत संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था, म्हणजे आयडीएसए, उभी राहिली. बासष्टच्या पराभवाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. फौजेबाहेरही कुणीतरी युद्धाचा, शेजाऱ्यांचा, खर्चाचा अभ्यास करावा ही कल्पना तेव्हा नवी होती आणि चांगली होती. २०२० मध्ये संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. एका मराठी मंत्र्याच्या काळात जन्म, दुसऱ्या मराठी बोलणाऱ्या मंत्र्याचं नाव. अभिमान वाटायला हरकत नाही.

पण संस्थेचा पैसा येतो संरक्षण मंत्रालयाकडून आणि तिचे अध्यक्ष असतात खुद्द संरक्षणमंत्री. आता मला सांगा, मंत्र्याच्या धोरणात खोट आहे असं मंत्र्याच्याच अध्यक्षतेखाली कोण लिहील? तिथे चांगले अभ्यासक आहेत, ग्रंथालय उत्तम आहे, नियतकालिकं निघतात. दोष माणसांचा नाहीच, मांडणीचा आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्यासारखा संचालक होता तेव्हा तो अण्वस्त्रांची बाजू उघड मांडायचा, दिल्लीला रुचो न रुचो. पण ती त्या माणसाची धमक होती. संस्था धमकीवर चालत नाहीत, नियमांवर चालतात.

लष्कर, नौदल, हवाई दल यांचीही आपापली अभ्यासकेंद्रं आहेत. सगळी घरातलीच. म्हणजे सासूने सुनेला विचारायचं, स्वयंपाक कसा झालाय?

घराबाहेरच्यांचं काय? सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ही दिल्लीतली जुनी संस्था. तिचा विदेशी देणग्यांचा परवाना २०२३ मध्ये निलंबित झाला, २०२४ मध्ये रद्द. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या जुन्या कामाच्या विषयावर लिहायचं तर आधी परवानगी लागते, हा नियम २०२१ चा. आणि १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल? साठ वर्षं उलटली, सरकारने तो अजून खुला केलेला नाही. त्याचा बराच भाग एका परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला. चीनमध्ये बसून तो वाचता येतो, सरकारी कपाटात मात्र तो गोपनीय!

याची किंमत कोण मोजतं? अग्निपथ आठवा. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, मग जास्तीत जास्त चारातला एक कायम. त्याआधी जनतेसमोर एक मसुदा नाही, चर्चेचा कागद नाही. देशभर पोरं रस्त्यावर उतरली, रेल्वेचे डबे जळाले आणि दोन दिवसांत सरकारने त्या वर्षापुरती वयोमर्यादा २१ वरून २३ केली. का? तर कोरोनात दोन वर्षं भरतीच झाली नव्हती आणि तयारी करणाऱ्या पोरांचं वय निघून गेलं होतं. हे समजायला गुप्त माहिती लागत नव्हती. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत पारावर विचारलं असतं तरी कळलं असतं. योजना चांगली की वाईट, हा वेगळा वाद. तो आधी झालाच नाही, हे माझं दुखणं आहे.

"सरकारने स्वतःच्या टीकाकारांना पैसे का द्यावेत?" असं काही जण विचारतील. ऑस्ट्रेलियाने दिले. तिथली स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूट २००१ मध्ये सरकारनेच काढली, पैसाही मुख्यतः सरकारचा, तरी ती दरवर्षी संरक्षण बजेटची चिरफाड करते. सरकार चिडतं, तिच्या वॉशिंग्टन कार्यालयाचा निधीही बंद करायचं ठरवतं. पण चिरफाड छापली जातेच. आणि सरकारने दिले नाहीत, तर पैसे कोण देणार? शस्त्रं विकणारे. त्यांच्या पैशावर निघालेल्या अहवालात कुठलं विमान घ्यावं हे आधीच ठरलेलं असेल.

"गोपनीयतेचं काय?" क्षेपणास्त्राचा नकाशा कुणी मागत नाहीये. पेन्शनवर किती जातं, सैनिक किती वर्षं ठेवावा, जुनी सामग्री कधी बदलावी, हे सगळं करदात्याच्या खिशातलं आहे.

२०२२ च्या बजेटमध्ये संरक्षण संशोधनाचा पंचवीस टक्के निधी उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना खुला करायची घोषणा झाली. छान. म्हणजे ड्रोन बनवायला बाहेरचं डोकं चालतं. मग ड्रोन घ्यावा की नको, हे सांगायला का चालत नाही?

मागणी साधी आहे. संरक्षण बजेटच्या दहा हजार रुपयांतला एक रुपया, म्हणजे वर्षाला साधारण ६८ कोटी, स्वतंत्र धोरण-संशोधनासाठी बाजूला काढा. तो मंत्रालयाच्या हातून देऊ नका. अभ्यासकांच्या समितीकडून द्या, तिच्यात सचिव आणि मंत्री नकोत. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, देशात इतरत्रही आहेत, त्यांना द्या. सरकारला न आवडणारा अहवालही छापलाच जाईल, हे नियमात लिहा. आणि तो संसदेच्या स्थायी समितीसमोर ठेवा.

नुसतं हो म्हणणारे सल्लागार बासष्टमध्येही होते. त्यांचा हिशेब शेवटी सीमेवरच्या जवानाने चुकता केला.