जमीन नावावर, हक्क मात्र नळीचा

२७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम हे गाव गॅसने जळाले. ‘गेल’ या सरकारी कंपनीची १८ इंची पाइपलाइन गावालगत फुटली, वायू घराघरांत पसरला आणि साडेपाचच्या सुमारास भडका उडाला. त्या दिवशी १५ माणसे गेली. मागाहून इस्पितळात दगावलेले धरले तर आकडा २० च्या वर जातो. नारळीच्या बागा उभ्या करपल्या. गळती होते आहे, अशी तक्रार गावकरी आधीपासून करीत होते. चौकशीत निघाले ते असे, की कोरड्या वायूसाठी टाकलेल्या नळीतून ओला वायू सोडला जात होता. त्यातल्या पाण्याने पोलाद आतून खाल्ले.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे वाचताना कीमन आठवतो. हातोडा-पाना घेऊन तो रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो आणि त्याने तडा कळवला की गाडी थांबते, मग ती राजधानी का असेना. नगरमला हे काम गावकऱ्यांनी फुकट केले, पण नळी कुणी थांबवली नाही. पाइपलाइनवर फिरणारे ‘लाइनवॉकर’ही बहुधा ठेकेदाराचे. उद्याच्या नोकरीची खात्री नसलेला माणूस साहेबाला किती ठणकावून सांगणार?

स्फोटाची बातमी निदान छापून तरी येते. रोजचा जाच आहे तो १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याचा. या कायद्याने सरकार जमीन घेत नाही, फक्त ‘वापराचा हक्क’ घेते. सातबारा असो वा पट्टा, नाव शेतकऱ्याचेच राहते. पण त्या पट्ट्यात, जो साधारण २० मीटर रुंद असतो, घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. कायमचे. मोबदला किती? पिकाचे व झाडांचे नुकसान वेगळे, आणि हक्काबद्दल बाजारभावाच्या १० टक्के, एकदाच. नारळावर जगणाऱ्या मुलखात ‘झाड लावू नका’ म्हणजे काय, हे दिल्लीत कुणाला कळावे!

तामिळनाडूच्या सात पश्चिम जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी नळी महामार्गाच्या कडेने न्या, एवढेच मागितले होते. २०१३ साली राज्य सरकारने ते मान्य केले, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीची बाजू टिकली. केरळात नोव्हेंबर २०१७ मध्ये मुक्कमजवळ लोकांवर लाठ्या चालल्या. तिथे कित्येकांची सगळी मालमत्ता १० सेंट, म्हणजे आपले चार गुंठे. २० मीटरचा पट्टा त्यातून गेला तर उरते काय? आंदोलनानंतर राज्याने अशा लोकांसाठी ५ लाखांची मदत जाहीर केली. लाठ्या खाण्याआधी ती का सुचली नाही?

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला तेव्हा १३ कायदे त्यातून बाजूला ठेवले गेले. त्यांत हा पाइपलाइनचा कायदा होता आणि आमचा १९८९ चा रेल्वे कायदाही होता. २०१५ साली केंद्राने नवी भरपाई त्या तेराही कायद्यांना लागू केली. पण नळीसाठी ‘संपादन’ होतच नाही ना! त्यामुळे १० टक्के तसेच राहिले. उलट २०११ च्या दुरुस्तीने पाइपलाइनला घातपात करणाऱ्यास फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली आहे. नळी गंजू देणाऱ्याबद्दल त्या दुरुस्तीत चकार शब्द नाही.

गॅस नको असे मी म्हणणार नाही. खत कारखाने त्यावर चालतात, तिथे आपलेच सभासद आहेत. कदाचित म्हणूनच या प्रश्नावर आपल्या संघटना गप्प राहिल्या. ते बरे झाले नाही. गॅस वाहतो तोवर जमीनमालकाला दरवर्षी भाडे मिळाले पाहिजे, लाइनवॉकर कायम नोकरीत घेतले पाहिजेत आणि गावाने गळती कळवली की तपासणी होईपर्यंत नळी बंद ठेवण्याची सक्ती झाली पाहिजे. महासंघाच्या पुढील कार्यकारिणीत हा ठराव आमच्या शाखेतर्फे मी मांडणार आहे. तेल व वायू उद्योगातील संघटनांनी त्याला अनुमोदन द्यावे.