विज्ञान-गप्पा : बाबांचा काळा रुमाल

माझे बाबा पुण्याजवळच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगवर होते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. आई म्हणायची, "बरं झालं, घाण बाहेर पडली." मंडळी, आईचं म्हणणं अर्धंच खरं होतं, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं.

धातूचा कण कुठे अडकणार हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरतं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकाघशातच थांबतात. रुमालावर दिसतात ते हेच. त्याहून बारीक कण खोल जाऊ शकतात. श्वासनळ्यांत बसलेले कण बरेचसे एक-दोन दिवसांत कफाबरोबर वर ढकलले जातात. पण तळाच्या वायुकोशांत ही सोय नाही. तिथे भक्षक पेशी कण गिळतात खऱ्या, तरी न विरघळणारा धातू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

छातीत डोकावून हे मोजणार कसं? एवाल्ड वायबेल यांनी १९६३ साली श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत फांद्यांच्या २३ पिढ्यांचा आराखडा मांडला. अशा आराखड्यांवर गणितं बसवली गेली. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये एका डच संस्थेच्या साथीने झालेला 'एमपीपीडी' हा प्रोग्रॅम त्यातलाच. कणाचा आकार, घनता, श्वासाचा वेग भरा. कुठे किती साचेल आणि किती निघून जाईल याचा अंदाज मिळतो. त्यात उंदराचंही फुप्फुस आहे, म्हणजे उंदरावरचे प्रयोग माणसाला लावून बघता येतात.

असा हिशोब नव्हता तेव्हा काय होई? १९४९ साली बेरिलियमची मर्यादा घनमीटरला २ मायक्रोग्रॅम ठरली. ती दोघा तज्ज्ञांनी टॅक्सीत बसून ठरवली असं सांगतात! ओहायोत लोरेन गावी तर कारखान्याजवळ राहणारेही आजारी पडले होते. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. २०१७ साली ओशाने मर्यादा दहापट खाली, ०.२ वर आणली. अर्थात कुणाला आजार होईल हे गणित सांगत नाही. आत किती साचेल एवढंच सांगतं.

तेव्हा गराजमध्ये ग्राइंडर चालवणाऱ्यांनो, दार उघडं ठेवा, नीट बसणारा मास्क लावा आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. रुमाल पांढरा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. खोल गेलेलं रुमालावर येत नाही.

भेटू पुढच्या अंकात!