पूल कोणासाठी, भीती कोणाच्या वाट्याला?

रविवार, दिनांक १५ जून २०२५ रोजी दुपारी मावळ तालुक्यातील इंदोरीनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली, पन्नासहून अधिक जखमी झाली. तळेगाव व चाकणच्या औद्योगिक वसाहती एका अंगाला, पिंपरी-चिंचवडची महानगरी दुसऱ्या अंगाला आणि तुकोबांचे देहू हाकेच्या अंतरावर, अशा ठिकाणी हा पूल उभा होता. सुमारे तीस वर्षांपूर्वी तो बांधला गेला, तो ग्रामस्थांना आणि शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून. पुढे नदीच्या खडकाळ पात्रातील कुंडे पाहावयास लोक येऊ लागले आणि पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी त्या अरुंद पुलावर गर्दी लोटू लागली.

दुर्घटनेनंतर जे खुलासे झाले ते ठरलेल्या साच्यातले होते. पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. लोकांनी तो मानला नाही. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर झाले होते. कार्यादेशही निघाला होता. म्हणजे धोका माहीत होता, उपाय माहीत होता आणि पैसाही मंजूर होता. राहिले होते ते एवढेच की काम व्हावयाचे होते! सर्व काही ठाऊक असताना माणसे मरतात, तेव्हा त्यास अपघात म्हणणे हा भाषेचा अपव्यय होय.

जमलेल्या गर्दीने बेफिकिरी दाखविली हे नाकारण्याचे कारण नाही. पादचारी पुलावर दुचाकीही नेल्या जात होत्या. पुलाचे शास्त्र याबाबतीत अगदी सरळ आहे. जेथे गर्दी होण्याचा संभव आहे तेथे पादचारी पुलाने दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार पेलावा, असे आपल्याकडील अभियांत्रिकी संहिता सांगते. एकामागून एक चालत जाणारे दहा शेतकरी आणि त्याच पुलावर दाटीने थबकलेले शंभर जण, यांचा भार सारखा नसतो. त्यात लोखंड गंजले की त्याची जाडी घटते, सांधे खिळखिळे होतात आणि मूळ ताकद कागदावरच उरते. हे सामान्य पर्यटकास ठाऊक नसेल. परंतु ज्यांच्या ताब्यात पूल होता त्यांना ते ठाऊक असणे हे त्यांचे कर्तव्यच होते. फलकावर चार अक्षरे रंगविल्याने हे कर्तव्य जनतेच्या खांद्यावर टाकता येत नाही. पूल खरोखरच वापरण्याजोगा नसेल तर तो दोन्ही टोकांना भिंत घालून बंद करावयास हवा होता. तसे का होत नाही? कारण पूल बंद केला की पर्यायी वाट द्यावी लागते. फलकाला तेवढा खर्च येत नाही.

येथेच भीतीचा प्रश्न येतो. उंच वा लांब पूल ओलांडताना पुष्कळांच्या पोटात गोळा येतो आणि त्याला मनाचा दुबळेपणा समजून हसण्याची रीत आहे. पण ज्याला दररोज तोच जीर्ण पूल ओलांडून शेतावर, शाळेत वा पाळीवर जावयाचे आहे, त्याची भीती निराळी असते. पाट्या हलताना त्याने पाहिलेल्या असतात, कठडा हाताला लागतो तेव्हा गंजाचे पापुद्रे निघतात हे त्याला माहीत असते. त्याची भीती म्हणजे अनुभवातून आलेले ज्ञान असते. फरक इतकाच की या ज्ञानाला कचेरीत दाखल करून घेण्याची सोय नाही, आणि घाबरून घरी बसण्याची चैन त्याला परवडत नाही.

या ज्ञानाची उपेक्षा केल्यास काय होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातील क्वेबेक पुलाचे आहे. सेंट लॉरेन्स नदीवरील हा पूल पुरा झाला असता तर आपल्या प्रकारातील जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल ठरला असता. त्याच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब मुळातच कमी धरला गेला होता. बांधकाम चालू असताना खालच्या तुळयांचे पत्रे वाकू लागल्याचे जागेवरच्या माणसांच्या ध्यानी आले. कंत्राटदारांच्या बाजूने उत्तर मिळाले की ते आधीपासूनच वाकलेले असावेत. अखेर एक तरुण अभियंता शेकडो मैलांवरील न्यूयॉर्कला प्रमुख सल्लागाराकडे हे सांगावयास गेला. पण काम थांबविण्याचा निरोप जागेवर पोचण्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९०७ रोजी, पूल नदीत कोसळला आणि ७५ कामगार ठार झाले. त्यांत ३३ जण एकाच मोहॉक आदिवासी वस्तीतले होते. कागदावरचा हिशेब दूरच्या कचेरीत होता. वाकलेला पत्रा कामगारांच्या डोळ्यांसमोर होता. विश्वास ठेवला गेला तो कागदावर.

महाराष्ट्राने याहून जवळचे उदाहरण पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल महापुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि काही खाजगी वाहने प्रवाशांसह नदीत गेली. त्या काळोखात धोका प्रथम ओळखून, रस्त्यावर धावत येऊन पुढली वाहने थांबविणारा माणूस कोण होता? जवळच्या गॅरेजात काम करणारा, पोटासाठी परप्रांतातून आलेला एक साधा कामगार! त्या रात्री शासनाची सारी यंत्रणा जे करू शकली नाही ते त्याने केले.

आता कोणी म्हणेल की पूल बांधणे हे अवघड काम आहे, त्यास वेळ आणि पैसा लागतोच. पूल बांधणे अवघड आहे यात शंका नाही. वाहत्या पाण्यात पाया खणावयाचा, खडक लागेपर्यंत खाली जावयाचे, पुराच्या वेळी खांबाच्या मुळाशी होणारी झीज आधीच ओळखावयाची, हे बुद्धीचे आणि कष्टाचे काम आहे. परंतु आपल्याकडे त्या बुद्धीची वा कष्टाची वाण आहे काय? सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याचे सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. खंडाळ्याच्या दरीवर द्रुतगती मार्गासाठी गगनचुंबी मनोऱ्यांचा, तारांनी तोललेला पूल हाती घेतला गेला. ज्या राज्याला हे जमते, त्याला इंद्रायणीवर पादचाऱ्यांसाठी एक पूल वेळेवर बदलणे जमू नये?

पैशाची गोष्ट तर बोलूच नये. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गास मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च ७,८२७ कोटी रुपये. कुंडमळ्याच्या पुलाचा खर्च त्याच्या सुमारे एक हजारांश! या उन्नत मार्गास विरोध करण्याचे कारण नाही. चाकणच्या वाहतूक कोंडीत रोजचे तास न् तास वाया घालविणारा मुख्यतः कामगारच आहे. त्याची सुटका झाली तर ती हवीच आहे. मुळा, पवना, इंद्रायणी, भामा, भीमा अशा नद्यांच्या या मुलखात उद्योग उभे राहिले तेच पुलांच्या आधाराने. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून पुण्याच्या कामगारांच्या पिढ्या पिंपरीच्या कारखान्यांकडे गेल्या. मोठा पूल ही मानवाच्या सहकार्याची थोर निर्मिती आहे आणि समाजवादी विचाराने तिचा अभिमानच बाळगावयास हवा.

आक्षेप आहे तो प्राधान्यक्रमावर. मालाचे ट्रक आणि मोटारी ज्यावरून धावणार त्या पुलाचा आराखडा दिल्लीपर्यंत जातो. माणसे ज्यावरून पायी चालतात त्याची फाईल तालुक्यातच धूळ खाते. शिवडीच्या सागरी सेतूवर दुचाकी व रिक्षांना प्रवेश नाही. त्यास सुरक्षिततेची कारणे असतीलही. पण दुचाकी हेच ज्याचे वाहन आहे, त्या श्रमिकाला त्या भव्यतेकडे दुरूनच पाहावे लागते हे सत्य उरतेच. नव्या पुलाला कोनशिला असते, उद्घाटन असते, नामकरणाचा वादही असतो. जुन्या पुलाच्या बेअरिंगला वंगण घालण्याच्या, गंज खरवडून रंग देण्याच्या कामाला फीत कापावयास कोण येणार? देखभाल हे निवडणुकीत न दिसणारे काम आहे, म्हणून ते अंदाजपत्रकातही दिसेनासे होते.

बांधणाऱ्यांचाही विचार येथे केला पाहिजे. पुलाला नरबळी लागतो, अशी एक जुनी भयकथा खेड्यापाड्यांत आजही कुजबुजली जाते आणि पूल बांधावयास घेतला की आया मुलांना घराबाहेर सोडीत नाहीत. ही अर्थातच अंधश्रद्धा आहे. परंतु १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळया उचलणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण प्राणास मुकले, तेव्हा सुशिक्षितांना काय म्हणावे? नदीला बळी नको असतो. बळी घेते ती घाई, उपकंत्राटांची उतरंड आणि कामगाराच्या जिवाची स्वस्ताई. मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते आणि परप्रांतातून आलेल्या त्या मजुरांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर येत नाही.

प्रत्येक दुर्घटनेनंतर पुलांच्या तपासणीचे आदेश निघतात. ते सावित्रीनंतर निघाले, कुंडमळ्यानंतरही निघाले. तपासणी आवश्यकच आहे, पण तपासणीच्या कागदावर विसंबून राहता येत नाही हे मुंबईने अनुभवले आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल तपासणीत वापरण्यायोग्य ठरविलेला होता. किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या सुचविल्या होत्या. १४ मार्च २०१९ रोजी सायंकाळी कामावरून घरी परतणाऱ्यांच्या पायांखालून तो निखळला आणि सात जणांचा बळी गेला. तपासणी करणारा आणि ती करवून घेणारा यांच्यापुरताच अहवाल राहिला, तर त्यावर जनतेचा अंकुश राहत नाही.

भीतीची दखल घेतली गेली तर काय होऊ शकते तेही जगाने पाहिले आहे. लंडनमध्ये थेम्स नदीवर नवा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला. लोकांच्या पावलांबरोबर तो आडवा डोलू लागला, चालणारे घाबरून कठडे धरू लागले. दोन दिवसांत पूल बंद करण्यात आला. अभियंत्यांनी डोलण्याचे कारण शोधले, हादरे शोषून घेणारी साधने बसविली आणि २००२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा सुरू झाला. तेथे एकाचाही जीव गेला नव्हता. कोणी पादचाऱ्यांना भित्रे म्हटले नाही. राजधानीतल्या नागरिकाची अस्वस्थता ही पुरेशी सूचना मानली गेली. इंदोरीच्या शेतकऱ्याची अस्वस्थता तशी का मानली जाऊ नये?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक पुलावर तो केव्हा बांधला, कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि जबाबदार अधिकारी कोण, याची मराठीतील पाटी असावी. तपासणीचा अहवाल ग्रामसभेपुढे आणि प्रभागात वाचून दाखवावा. पूल धोकादायक ठरताच तो प्रत्यक्ष अडथळे उभारून बंद करावा आणि त्याच दिवशी तात्पुरता पूल, नाव वा एसटीची फेरी यांपैकी काही पर्याय द्यावा. नव्या बांधकामावरील खर्चाचा ठराविक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवावा आणि तो अन्यत्र वळवू नये. पुलाच्या कामावरील कंत्राटी कामगाराला धोका दिसताच काम थांबविण्याचा हक्क असावा आणि तो बजावल्याबद्दल त्याची रोजी जाऊ नये. यांतील एकाही मागणीस परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कामगार संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर कारखान्याच्या वाटेवरील पुलांचा प्रश्नही हाती घ्यावयास हवा, कारण पाळीला निघालेला माणूस घरी सुखरूप परतणे हीदेखील त्याच्या श्रमाचीच किंमत आहे.

सुटीच्या दिवशी नदीकाठी जाण्याचा हक्क कष्टकऱ्यालाही आहे. ज्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांसाठी हजारो एकर जमीन संपादिली गेली, तेथे चार घटका मोकळे बसावयास सार्वजनिक जागा किती ठेवल्या गेल्या, हाही प्रश्न कुंडमळ्याने विचारला आहे. तो फलकाने मिटणारा नाही.

पुलावर पाऊल टाकणारा माणूस न पाहिलेल्या अभियंत्यावर, न भेटलेल्या मजुरावर आणि न ओळखणाऱ्या शासनावर एकाच वेळी विश्वास टाकीत असतो. त्या विश्वासाच्या बदल्यात त्याला मजबूत पूल मिळणे हा त्याचा हक्क होय. तो हक्क गावच्या साकवालाही तितकाच लागू आहे जितका समुद्रावरच्या सेतूला. हे जोवर मान्य होत नाही तोवर पूल कितीही उंच झाले तरी, पलीकडे जाण्याची भीती गरिबाच्याच वाट्याला येत राहील.