देखभालीचे काम कंत्राटावर नको

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या मागील बाजूस, सांडपाण्यावर प्रक्रिया होते त्या शेडमध्ये, एक लहानसा पंप टिकटिकत असतो. कालवलेला चुना, कॉस्टिक, आम्ल अथवा तुरटी यांची ठराविक मात्रा सांडपाण्यात सोडणे एवढेच त्याचे काम. कामगार त्याला डोसिंग पंप म्हणतात. रिअ‍ॅक्टर आणि बॉयलर यांच्या मानाने त्याची किंमत नगण्य. त्यामुळे त्याची निगा राखणाऱ्या माणसाची किंमतही मालकवर्गाच्या हिशेबात नगण्यच ठरली आहे.

हा पंप बिघडतो तोही बोभाटा न करता. त्यातील रबरी अथवा टेफ्लॉनचा पडदा मागे आला की रसायन ओढले जाते, पुढे गेला की ढकलले जाते. खालच्या व वरच्या व्हॉल्व्हमधील गोळ्या उलटा प्रवाह अडवतात. त्या गोळीखाली चुन्याचा कण बसला, वा ओढनळीत हवा शिरली, तरी पंपाची टिकटिक थांबत नाही. दिवा पेटलेला राहतो, नोंदवहीत ‘चालू’ असा शेरा पडतो आणि रसायन मात्र पुढे सरकत नाही. हे ओळखण्याचा उपाय साधा आहे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून खुणा केलेल्या काचेच्या नळीतून पंपाला रसायन ओढू द्यावयाचे, आणि एका मिनिटात किती मिलिलिटर उतरले ते पाहावयाचे. या कामाला काही मिनिटे पुरतात. पण ती मिनिटे देण्यासाठी प्रत्येक पाळीत तेच काम जाणणारा माणूस लागतो, आणि नेमका तोच माणूस खर्चकपातीत पहिला जातो.

त्याच्या जागी कंत्राटदाराचा कामगार येतो. काल तो पिंपे उचलत होता, आज त्याच्या हाती पाना दिला जातो. पंप उघडण्यापूर्वी वीज तोडावी, नळीतील दाब सोडावा, पंप पाण्याने धुवून घ्यावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. कडक झालेली जुनी नळी दाबाखाली सुटली की कॉस्टिकचा फवारा थेट डोळ्यांवर येतो. ज्या पंपातून काल हायपोक्लोराइट गेले, तो न धुता आज त्यात आम्ल भरले, तर क्लोरीन वायू सुटतो. मनोरच्या बाजूने जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गासारख्या रस्त्यांवरील गाड्या धुण्याच्या केंद्रांतही हाच पंप आणि हीच रसायने असतात. तेथे तर पंप बंद पडला की पोरगा बादलीत हातानेच आम्ल ओततो, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या पंपाच्या अपयशाची दुसरी किंमत समुद्रकाठ मोजतो. तारापूरचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. आत मात्रा चुकली की बाहेर आम्लता चुकते, आणि मुरबे, नांदगाव, आलेवाडी येथील मच्छीमारांच्या जाळ्यात तिचा हिशेब निघतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला, आणि 2022 च्या जानेवारीत लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर भरपाई आकारली. दंडाच्या आकड्यांची चर्चा झाली. पंप कोण पाहत होता, हे कोणी विचारले नाही.

अपघातानंतरही तेच घडते. 21 ऑगस्ट 2025 रोजी येथील एका औषध कारखान्यात वायूगळतीने 4 कामगार दगावले. अशा प्रत्येक प्रसंगी कोणता वायू, किती वाजता, एवढी चौकशी होते. देखभालीची वही मागवून ती लोकांपुढे ठेवली जात नाही. वस्तुतः भोपाळने हा धडा 1984 मध्येच शिकविला होता. 2 डिसेंबरच्या त्या रात्री कारखान्यात नळ्या धुण्याचे काम चालले होते, आणि पाणी अडविणारी लोखंडी चकती बसविलेली नव्हती. रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाचे पद काही दिवसांपूर्वीच काटकसरीपायी रद्द झाले होते. पाणी टाकीत कसे गेले यावर कंपनीने पुढे पुष्कळ वाद घातला. पद कोणी रद्द केले, यावर वाद घालण्यास तिला जागा नव्हती.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही तो कागदावर कायम आहे. परंतु ज्याचा गेटपास कंत्राटदाराच्या खिशात असतो, त्याने आज सूचना दिली तर उद्या तो फाटकाबाहेर असतो. ज्या मुलखात 1945 साली वारल्यांनी वेठबिगार झुगारली, तेथील आदिवासी तरुणाला हे नवे परावलंबन समजावून सांगण्याची गरज नाही.

नव्या संहितेची खरी मेख मात्र वेगळ्याच कलमात आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास तिने मनाई केली आहे. पण अधूनमधून करावे लागणारे काम मुख्य कामातून वगळले आहे. बांधकाम व त्यातील देखभालही तशीच वगळली आहे. डोसिंग पंपाची देखभाल अधूनमधूनचीच, असे मालकांचे वकील उद्या म्हणतील. ते खोडून काढण्याचा पुरावा काचेच्या नळीत आहे. जे माप दर पाळीला घ्यावे लागते, ते काम अधूनमधूनचे कसे?

म्हणून युनियनने ही मागणी वेतनकराराच्या पुरवणीत न ढकलता करारातच घातली पाहिजे: पंपांची देखभाल कायम व प्रशिक्षित कामगाराकडे, मापाची वही सुरक्षा समितीला आणि युनियनला खुली, पंप उघडताना एकटा माणूस नाही, आणि शेजारी डोळे धुण्याचे चालू पाणी. मच्छीमारांच्या संघटनांनाही त्या वहीची नक्कल मिळाली पाहिजे. गेटसभेला कायम कामगार येतात, कंत्राटी कामगार दुरूनच निघून जातो, ही आजची स्थिती आहे. तो राहतो त्या चाळींत आणि पाड्यांवर, पाळी सुटल्यानंतरच्या वेळी, कार्यकर्त्यांनी ही बैठक घ्यावी.