सावली ही चैन नव्हे

मे महिन्यात बीडमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सरकारी सल्ला येतो : भर दुपारी घराबाहेर पडू नये. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते वर्गीय आहे. घर हे बाहेरच्यापेक्षा थंडच असणार, हे ते गृहीतक. जाड भिंतींचा वाडा किंवा कूलर ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यापुरते ते खरे ठरते. पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्या हमालाच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात मात्र पत्रा दुपारभर तव्यासारखा तापतो आणि कोंडलेली उष्णता रात्रीही बाहेर पडत नाही. अशा कुटुंबाने संध्याकाळी मुलाबाळांसह कुठे जाऊन बसावे, याचे उत्तर कोणत्याही सल्ल्यात सापडत नाही.

हा प्रश्न काढला की चळवळीतीलच काही मंडळी हसतात. जेथे प्यायला पाणी नाही तेथे बागा कसल्या मागता, सहली आणि फेरफटका हे मध्यमवर्गाचे चोचले, असे ते म्हणतात. या युक्तिवादात कष्टकऱ्याविषयी कळवळा दिसतो. प्रत्यक्षात मात्र त्याचे आयुष्य भाकरी आणि श्रम एवढ्यावर आटोपते, ही मालकवर्गाचीच समजूत त्यात मान्य केलेली असते. महाराष्ट्रातील कामगार चळवळीने ही समजूत आरंभीच झुगारली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले तेव्हा कामाचे तास आणि वेळेवर पगार यांच्या जोडीने रविवारची सुट्टी ही त्यांची प्रमुख मागणी होती. १८९० साली ती मान्य झाली. आज साऱ्या समाजाने जो रविवार आपला मानला आहे, तो एका संघर्षातून आलेला आहे.

तो रविवार बीड जिल्ह्याच्या ऊसतोड मजुरापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस अंग टाकले की मुकादम खाडा लावतो. पोरे फडाच्या बांधावर, पाचटाच्या खोपीत वाढतात. हंगाम संपवून हे कुटुंब गावी परतते ते ऐन उन्हाळ्यात. ट्रकवर संसार बांधून केलेला हा जाण्यायेण्याचा प्रवास हीच या मुलांची वर्षातली एकमेव सहल. शहरातील दुकानांत राबणाऱ्या पोरांची स्थिती निराळी नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानातील नोकराला आठवड्याची सुट्टी दिली होती. २०१७ साली नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापने त्यातील बहुतेक तरतुदींच्या बाहेर राहिली. तालुक्याच्या गावी दहा नोकर असलेली दुकाने कितीशी असतात?

सुट्टी मिळाली, तरी जावे कोठे? जिल्ह्याला निसर्गाने आणि इतिहासाने बरेच दिले आहे. बिंदुसरा धरण भरले की सांडव्यावरची पाण्याची चादर पाहण्यास बीडकरांची झुंबड उडते. कपिलधारचा धबधबा आहे, पाटोदा तालुक्यात सौताड्याचा आहे. पण हे सारे पावसाळ्याचे वैभव. गरज उन्हाळ्यात असते तेव्हा तेथे खडक उरतो. शिवाय तेथवर पोहोचण्यास वाहन लागते. शहराबाहेर पालवणच्या माळावर लोकांनी देवराई उभी केली आणि २०२० साली तेथे वृक्षसंमेलनही भरले. हा प्रयत्न आदरणीय आहे. परंतु माळावरची झाडे वस्तीतल्या झाडांची उणीव भरून काढू शकत नाहीत. दिवसभर राबलेली बाई दोन पोरांना घेऊन चालत जाऊ शकेल एवढ्या अंतरावर सावली हवी, पिण्याचे पाणी हवे आणि स्वच्छ मुतारी हवी. मुतारी नाही म्हणून किती बायका घराबाहेर बसणेच टाळतात, याचा हिशेब कोणतीही नगरपालिका ठेवीत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने गोष्ट साधी आहे. वडाच्या झाडाखाली बसणाऱ्याकडून कोणी तिकीट घेऊ शकत नाही. म्हणून बाजार वड लावीत नाही. वड तुटला की मात्र बाजाराला गिऱ्हाईक मिळते. मग थंड हवेची दुकाने, पाण्याचे खासगी खेळ आणि दारावर शुल्क. रस्तारुंदीकरणात पडलेल्या प्रत्येक जुन्या झाडाबरोबर एक सार्वजनिक मालमत्ता संपते, आणि तिची किंमत कंत्राटाच्या अंदाजपत्रकात कोठेही धरलेली नसते.

राहिला पाण्याचा आक्षेप. पाणी पितात ती शोभेची हिरवळ आणि कारंजी. कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच ही झाडे पहिली तीन-चार उन्हाळी जगवली की पुढे आपली आपण उभी राहतात, आणि त्यासाठी शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरता येते. ज्या बीडजवळ निजामशाहीच्या काळात खजाना विहीर बांधली गेली आणि कोणतेही यंत्र न लावता जमिनीखालच्या मार्गाने, केवळ उताराच्या बळावर तिचे पाणी शेतांना पोहोचवले गेले, त्या बीडला हे तंत्र अवघड का वाटावे? अडचण पाण्याची कमी आणि प्राधान्याची अधिक आहे.

सरकारने मनावर घेतले की काय घडते, हे एसटीने दाखवले आहे. २०२३ साली स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले आणि वर्षानुवर्षे उंबऱ्याआड राहिलेल्या कितीतरी बायका माहेराला, देवदर्शनाला, बाजाराला निघाल्या. त्यांना हौस नव्हती असे नाही, परवडत नव्हते.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय वॉर्डावॉर्डांत उचलला पाहिजे. बागा उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उघड्या आणि विनाशुल्क असाव्यात. प्रत्येक कष्टकरी वस्तीत सावलीची जागा, पाणी आणि मुतारी असावी. लहान दुकानातील नोकराला आणि कोयत्याला आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळावी. जुने झाड तोडण्यापूर्वी वस्तीची जाहीर सभा घेतली जावी. या मागण्यांना चैन म्हणणाऱ्याला एकच विनंती करावी : मे महिन्यातील एक दुपार त्याने पत्र्याच्या खोलीत काढावी आणि मग संध्याकाळी आपले मत सांगावे.